घरातल्या वल्ली आणि घरगुती आख्यायिका (नागपूर)

घरातल्या वल्ली आणि घरगुती आख्यायिका : एखाद्या हट्टी, विक्षिप्त, धाडसी किंवा बदनाम नातेवाइकाभोवती जमलेल्या आणि घरातल्या घरात, तोंडोतोंडी पुढे गेलेल्या कथा. लोककथेतला नायक ‘एक होता राजा’ असतो. इथे नायकाला नाव असते, त्याचे आपल्याशी नाते असते आणि बैठकीत त्याचा हार घातलेला फोटो असतो, त्यामुळे कथा खोटी म्हणायची सोय उरत नाही. घर सोडून साधू झालेले आबाजी, वाघाला काठीने हाकलणारे मोठेबाबा, गावेच्या गावे पत्त्यांत घालवणारे मामाजी, कुणाला न जुमानणारी आत्या हे साचे विदर्भाबाहेरही सापडतात. नागपूरकडच्या कथांची एक वेगळी खूण आहे : त्यांतली वल्ली जवळजवळ नेहमी शहराच्या एखाद्या मोठ्या सालाला टेकून उभी असते. १८१७, १८५४, १९२०, १९२३, १९४२ आणि १९५६ ही त्यांतली ठरलेली साले.

याचे कारण शहराच्या इतिहासात आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे गाव वसवले, रघुजी भोसल्यांनी त्याला आपली राजधानी केले, इंग्रजांनी १८५४मध्ये राज्य खालसा केले, १८६१मध्ये शहर मध्यप्रांताची राजधानी झाले आणि १९५६मध्ये राजधानीपण गेले. सत्ता बदलली की कुणाचे वतन गेले, कुणाची नोकरी लागली, कुणी गाव सोडले. घराच्या आठवणीत तारखा नसतात. शहराच्या तारखा मात्र सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून आजोबांची गोष्ट त्यांच्यावर टांगली जाते.

महाल या जुन्या वस्तीतल्या कितीतरी घरांत पहिले वाक्य एकच असते : “आम्ही भोसल्यांबरोबर आलो.” त्यानंतर एकदम पणजोबा. मधल्या शे-दीडशे वर्षांतल्या माणसांबद्दल विचारले तर आजीही गप्प होते. आफ्रिकेतील मौखिक परंपरांचा अभ्यास करणारे बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी ही पोकळी ओळखली होती. मूळपुरुष लक्षात राहतो, अलीकडच्या दोन-तीन पिढ्या लक्षात राहतात, मधले सारे गळते. आणि पिढी पुढे सरकली की ही पोकळीही पुढे सरकते. आज ज्या काकांचे किस्से सांगून घर हसते, ते काका पन्नास वर्षांनी तिच्यात जायचे आहेत. तिच्यातून बचावतो तो ज्याने काहीतरी अचाट केले. सरळमार्गी माणूस गोष्टीतून सर्वांत आधी वगळला जातो.

नागपूरकडचा सर्वांत लाडका साचा मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनदाराचा. १८६०च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात मध्यप्रांतातील मालगुजारांना गावांवर मालकी हक्क मिळाले. १९५०च्या कायद्याने ते रद्द झाले आणि १९५१पासून मालगुजारी संपली. मागे उरले ते वाड्याचे दार, बंदुकीचा परवाना आणि किस्से. कथेतल्या गावांची संख्या दर पिढीला वाढते. पणजोबांची दोन गावे नातवाच्या तोंडी सात होतात आणि जावयासमोर त्यांचा आकडा सांगायचाच नसतो. ती गेली कशी याचे उत्तर बहुधा कायदा हे नसते. कुणीतरी नाच-गाण्यात उडवली, कुणी शब्दाखातर दान केली, कुणी कोऱ्या कागदावर अंगठा दिला. कायद्याने सगळ्यांचीच गेली, यात आपल्या घराचे म्हणून काही उरत नाही. उधळ्या मामाजी मात्र आपलेच असतात. (पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदांतही ‘मामा तलाव’ म्हणतात. त्या मामाचा या मामाजींशी संबंध नाही, पण किस्सा सांगणाऱ्याला एवढे निमित्त पुरते.)

स्वातंत्र्यलढ्याचा साचाही घरोघरी आहे. डिसेंबर १९२०मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले आणि असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झाले. १९२३मध्ये इथेच झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर त्याचे नेतृत्व वल्लभभाई पटेलांनी केले आणि देशभरातून सत्याग्रही येऊन तुरुंगात गेले. इतकी माणसे आत गेली होती की आपले आजोबा त्यांत नव्हते असे कुणाला सहज म्हणता येत नाही. ताम्रपट का मिळाला नाही, याचे उत्तर कथेत तयार असते : “दिला होता, त्यांनी घेतला नाही.” काहींनी खरोखरच घेतला नाही, म्हणून तर हे उत्तर इतके उपयोगी पडते.

‘छप्पन साली’ हे दोन शब्द नागपुरात दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या गोष्टी सुरू करतात. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना ती दिली. इंदोरा, पाचपावलीपासून आसपासच्या गावांपर्यंत बौद्ध कुटुंबांत त्या दिवसाची कथा आहे. रेल्वेत जागा नव्हती म्हणून कोण पायी आले, पांढऱ्या लुगड्यासाठी कुणी काय गहाण टाकले, बावीस प्रतिज्ञा म्हणताना कोण रडले, घरी परतल्यावर देव्हाऱ्यातल्या मूर्तींचे काय केले. अशा घरातली वल्ली पुष्कळदा ती आजी असते, जिने नवऱ्याच्या आधी ठरवले. सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यामुळे ‘मी त्यांना पाहिलं’ या वाक्याला या घरांत जे वजन आहे ते दुसऱ्या कुठल्याही किश्शाला नाही.

याच महिन्याभरात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला. सचिवालयातले कारकून, अधिकारी यांची दोन राज्यांत वाटणी झाली. धंतोली, धरमपेठेच्या नोकरदार घरांत ‘छप्पन’ म्हणजे ही वाटणी. एक भाऊ इथे राहिला, दुसरा ‘भोपाळवाले काका’ झाला. या काकांची मुले मराठी हिंदीच्या चालीवर बोलतात, लग्नाला येताना नमकीनचे डबे आणतात आणि वडिलोपार्जित घराच्या हिश्श्याचा विषय काढतात. दोन्ही कथा एकाच शहरात, अठरा दिवसांच्या अंतराने घडल्या, आणि एका घराला दुसऱ्या घराची कथा क्वचितच ठाऊक असते.

खुद्द शहरानेही आपली एक बदनाम नातेवाईक जपली आहे. बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. १८१७मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले. पुढच्या वर्षी त्यांना अलाहाबादेकडे नेले जात असताना ते शिपायाच्या वेशात निसटले आणि बऱ्याच भटकंतीनंतर १८४०मध्ये जोधपुरात वारले. नागपूरच्या गादीवर लहानगा तिसरा रघुजी बसला आणि बाकाबाई त्याची पालक झाली. १८५३मध्ये तो निपुत्रिक वारला, राज्य खालसा झाले. १८५७मध्ये तिने नागपुरात उठावाला साथ दिली नाही, आणि लोकांनी हे विसरायचे नाकारले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, इतवारीतून काळी मारबत (मिरवून जाळायचा बाईचा मोठा पुतळा) निघते ती बाकाबाईची, असे सांगतात. पूतनेची म्हणणारेही आहेत. १८८०च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत “ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” असा गजर होतो, मागून चालू राजकारणाची टर उडवणारे बडगे (पुरुषांचे पुतळे) येतात, पिवळी मारबत येते आणि शेवटी दहन होते.

याच बाईची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल भावात विकले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेले. राजवाड्यातले सामान हलवायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईने बजावले : सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. ही नोंद इंग्रजांच्याच लेखनात आहे. घरगुती आख्यायिका कशी वागते याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणार नाही. माणसाचा एकच प्रसंग ठरतो, तो दरवर्षी मिरवला जातो आणि उरलेली बाई कागदात राहते.

घरातल्या बायकांबाबत हेच होते. पुरुषाचा विक्षिप्तपणा हसून सांगतात, बाईचा बजावून. काका मुंबईला पळून गेले तर ते ‘अवलिया’. आत्या माहेरी परत आली तर तिचा किस्सा मोठ्या झालेल्या मुलींसाठी राखून ठेवलेला असतो, तोही स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात. गंमत अशी की हे सगळे किस्से जपतात सुना. त्या बाहेरून येतात, सासूकडून ऐकतात, कुठले खोटे आहेत ते त्यांना पहिल्या वर्षातच कळते आणि तरी तेच पुढे सांगतात. मूळ घरच्या माणसाला फक्त अभिमान असतो, तपशील सुनेकडे असतो.

संतांच्या कथांत ताजुद्दीन बाबा पहिले. १८६१मध्ये कामठीला जन्मलेले बाबा १८९२ ते १९०८ नागपूरच्या पागलखान्यात होते. तिथेच लोक दर्शनाला रांगा लावू लागले. शेवटी भोसले घराण्यातल्या रघुजीरावांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या राजवाड्यात आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांनी देह ठेवला. ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यावर, आजही हिंदू घरांतून नवसाची माणसे जातात. घरगुती कथा बहुतेक एकाच वळणाची : आजोबा हताश होऊन गेले, बाबांनी शिवी हासडली किंवा दगड भिरकावला, आणि अडलेले काम झाले. तिचा दुसरा उपयोग नाजूक आहे. घरातला एखादा माणूस भ्रमिष्ट झाला, कामधंदा सोडून भटकू लागला, तर ‘तो बाबांचा झाला’ असे म्हणायची सोय झाली. ज्याला बाहेर भैताड म्हटले असते त्याला घरात मान राहिला. उपचार मात्र बहुधा राहूनच गेले. वल्ली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी माणसांच्या किश्शांखाली एक न ओळखलेला आजार असतो, हे ऐकताना ध्यानात ठेवावे.

किश्शाला हंगाम असतो. नागपूरचा मे महिना पारा ४५ अंशांपलीकडे नेतो. कूलर घरोघरी यायच्या आधी संध्याकाळी गच्चीवर बादल्याबादल्यांनी पाणी मारत, दगड वाफ सोडून निवले की गाद्या पडत, आणि सुट्टीत आलेली भाचरे आजीच्या दोन्ही अंगांना झोपत. ऐकणाऱ्यांना गोष्ट पाठ असते.

“आजी, मागच्या वेळी तं तीन वाघ होते म्हणत होतीस!”

“तवा तू लहान होतास, बाप्पा. तुला भेव वाटलं पाह्यजे ना.”

दुसरी जागा तेरवीची पंगत. माणूस गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत त्याचे कोणते दोन किस्से पुढे न्यायचे ते न ठरवताच ठरते. तिसरी, आणि सर्वांत टिकाऊ, भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. थोरल्याच्या घरी सगळे भाऊ जमतात. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या होतात, आणि दर घरात एक तरी नियम असा निघतो की ज्याचे कारण शास्त्रात नसते. आमच्यात अमुक भाजी घालत नाहीत, आमच्यात मुखवटे दाराकडे पाठ करून आणत नाहीत, आमच्यात नैवेद्य झाल्यावर दार उघडे ठेवतात. विचारले की एका पणजीची गोष्ट निघते : त्या वर्षी घरात कुणी दगावले, कुणी रुसून गेले ते परतले नाही. पणजीचे नाव विसरले जाते, पण नियम पाळला जातो तोवर तिचा रुसवा शिल्लक राहतो.

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचेही असेच आहे. लहान मुलांचा हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असे सांगतात. जुन्या घरांतले सागवानी नंदी पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात आणि प्रत्येकाबरोबर तो कुणी, कुठल्या सुताराकडून, कुणाशी पैज लावून करवला याची गोष्ट येते. वाटणीत शेत देऊन नंदी मागणारे भाऊ असतात, असे ऐकिवात आहे. ऐकिवातले आहे, म्हणून तेवढेच धरावे.

पडताळा घ्यायचा तर कागद आहेत. नाशिक-त्र्यंबक, प्रयाग, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण कधी आले, बरोबर कोण होते हे यजमानांच्या सहीनिशी सापडते. बंदोबस्ताच्या कागदांत मालगुजारांची गावे असतात, नोकरीच्या सेवापुस्तकात बदल्या असतात. कागद आणि किस्सा जुळवताना एक गोष्ट वारंवार दिसते : मोठी घटना डळमळते आणि बारीक तपशील खरा निघतो. आजोबा गांधीजींच्या शेजारी बसले नव्हते. पण त्या दिवशी मंडपात पाण्याचे रांजण कुठे ठेवले होते हे त्यांनी बरोबर सांगितलेले असते. म्हणून अनुभवी माणूस ‘मग काय झालं?’ असे न विचारता जेवायला काय होते, अंगात काय घातले होते, परत कशाने आलात, असे विचारतो.

अलीकडे नातवंडे आजीला फोनपुढे बसवून किस्से रेकॉर्ड करतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. पाच मिनिटांत भोपाळहून निरोप येतो की वाघ मोठ्या काकांनी नव्हे, आमच्या बाबांनी हाकलला होता.