‘मूळ’ मिश्र माध्यम : एका शब्दाची पार्श्वभूमी

‘मूळ चित्र. मिश्र माध्यम, कॅनव्हास.’ चित्राशेजारच्या पट्टीवर एवढंच लिहिलेलं असतं. ‘मिश्र माध्यम’ हे चित्रकारानं काय वापरलं त्याबद्दल आहे, आणि ‘मूळ’ ही घेणाऱ्याला दिलेली हमी आहे. भांडण या हमीवरून आहे : यंत्रानं छापलेल्या प्रतीवर थोडा हात फिरवला, तर तिला ‘मूळ’ म्हणावं का?

वेगवेगळी द्रव्यं एकत्र आणणं जुनंच. मध्ययुगीन युरोपात लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि सोन्याचा वर्ख शेजारी शेजारी नांदत होते, पण त्याला कुणी वेगळं नाव दिलं नाही. १८७० च्या दशकात पॅरिसमधला एक चित्रकार पत्र्यावर शाईनं चित्र काढून कागदावर छाप घ्यायचा. त्याच पत्र्यावरून दुसरा, फिकट छाप काढायचा आणि त्यावर पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, चढवायचा. आज ती चित्रं निःशंकपणे ‘मूळ’ मानली जातात.

पिकासोचं १९१२ चं ते लहानसं लंबगोल चित्र प्रसिद्ध आहे : तैलरंग, भोवती दोरखंडाची चौकट आणि मधे वेताच्या विणीचा भास देणारं मेणकापड. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ती वीण चित्रकारानं रंगवलेली नव्हती, ती कारखान्यात छापून आलेली होती. म्हणजे यंत्राचा छाप या प्रकारात पहिल्यापासून आहे.

पुढे नावांचा गुंता झाला. १९२१ मध्ये म्युनिकच्या एका अध्यापकाचा रंगद्रव्यांवरचा ग्रंथ आला. त्यातलं ‘मिश्र तंत्र’ म्हणजे खाली टेम्परा (अंड्यात कालवलेले रंग) आणि वर तेल-राळेचे पारदर्शक थर. त्याचा चिकटवलेल्या कागद-कापडाशी काहीही संबंध नाही, तरी ‘मिश्र तंत्र’ आणि ‘मिश्र माध्यम’ या दोन्ही संज्ञा आजही एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. १९५० च्या दशकाच्या मध्याला पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले. रंग आणि डिंक दोन्हींचं काम तेच करू लागल्यावर वाळू, कापड, वर्तमानपत्र असं काहीही कॅनव्हासवर बसवणं सोपं झालं.

‘मूळ’ची व्याख्या करण्याचा गंभीर प्रयत्न झाला तो मुद्राचित्रांसाठी, म्हणजे छाप घेऊन काढलेल्या चित्रांसाठी. १९६० मध्ये व्हिएन्नातल्या कलावंतांच्या परिषदेनं ठरवलं की पत्रा, ठोकळा किंवा दगडावरची प्रतिमा स्वतः कलावंतानं घडवलेली असली पाहिजे. मिश्र माध्यमाला अशी अट कुणी घातली नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला. १९९१ मध्ये संगणकावरून शाई फवारून काढलेल्या छापांना ‘जिक्ले’ हे भारदस्त फ्रेंच वळणाचं नाव मिळालं. मग चित्राचं छायाचित्र कॅनव्हासवर छापायचं, त्यावर ब्रशचे चार फटकारे मारायचे, थोडं जेल लावायचं आणि पट्टीवर ‘मूळ, मिश्र माध्यम’ लिहायचं, अशी वाट निघाली.

या वाटेचे समर्थक १९१२ च्या मेणकापडाकडे बोट दाखवतात. प्रत्येक प्रतीवरचा हात वेगळा फिरतो, म्हणून प्रत्येक प्रत एकमेव, असंही म्हणतात. पेस्टलचं उदाहरण त्यांच्या बाजूचं आहे, हे मान्य करायला हवं. तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही. मेणकापड सोलून काढलं तर हातात मेणकापड उरतं, चित्र उरत नाही. पेस्टल खरवडला तर फिकट छाप उरतो, पण तोही त्याच हातानं पत्र्यावर काढलेला. जिक्लेवरचे फटकारे पुसले तर मात्र आधीच पूर्ण झालेल्या चित्राची नक्कल जशीच्या तशी उरते. हात तिथे सजावटीपुरता आलेला असतो. अशा कामाला ‘हातानं सजवलेली प्रत’ म्हणावं. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त किंमत वेगळी असायला हवी.

पट्टीवर या भेदाला जागा नसते. म्हणून काही चित्रकार आता कॅनव्हासच्या पाठीमागे थरांचा क्रम स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतात : खाली काय, वर काय, कुठला कागद चिकटवला आणि त्यातलं छापलेलं काय.