विपश्यना केंद्राचा विस्तार (अमेरिका)

चालू निवासी ध्यानकेंद्रात खोल्या, धम्महॉल (सामूहिक ध्यानाचे दालन), भोजनगृह वाढवून जास्त साधकांची किंवा जास्त लांबीच्या शिबिरांची सोय करणे. मॅसॅच्युसेट्स राज्यात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. बॅरी येथील इनसाइट मेडिटेशन सोसायटीने कॅथलिक संस्थेची तयार इमारत घेऊन 1976 मध्ये शिबिरे सुरू केली. 2003 मध्ये अनुभवी साधकांच्या दीर्घ एकांतवासासाठी फॉरेस्ट रेफ्यूज ही वेगळी वास्तू उघडली. शेल्बर्न येथील धम्मधरा (1982) हे सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतले, म्हणजे इगतपुरीच्या धम्मगिरीच्याच पद्धतीचे, उत्तर अमेरिकेतले पहिले केंद्र.

केंद्राची क्षमता हॉलमधल्या आसनांवरून मोजण्याची चूक सर्रास होते. खरी मर्यादा बहुधा जमिनीखाली असते. गावाबाहेर सार्वजनिक गटारे नसल्याने सांडपाणी सेप्टिक टाकी व शोषक्षेत्रातून (टाकीतले पाणी मातीत मुरवणाऱ्या, सच्छिद्र नळ्या पुरलेल्या जागेतून) जिरवावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये दिवसाला 10,000 गॅलन (सुमारे 38,000 लिटर) किंवा त्याहून अधिक सांडपाण्याचा प्रवाह हिशेबात धरावा लागला की साधी सेप्टिक व्यवस्था चालत नाही. भूजल विसर्गाचा (सांडपाणी जमिनीत सोडण्याचा) परवाना आणि शुद्धीकरण प्रकल्प लागतो. टाक्या वेगवेगळ्या बांधून यातून सुटका नाही, कारण एका केंद्राचा प्रवाह एकत्रच धरतात. म्हणून नकाशे काढण्याआधी मातीची पाझर-चाचणी करून घ्यावी. स्वयंपाकघर शाकाहारी असले तरी फोडणीचे तेल असतेच; तेलसापळा (सांडपाण्यातले तेल अडवणारी टाकी) लहान पडला तर ते शोषक्षेत्रात जाऊन माती बुजवते. विहीर स्वतःची असली तरी वर्षातले 60 दिवस 25 माणसे ते पाणी वापरत असतील, तर ती सार्वजनिक पाणीपुरवठा योजना ठरते व नियमित तपासणी बंधनकारक होते.

सरासरीवर विसंबून केलेली आखणी हमखास फसते. दहा दिवसांच्या शिबिरात साडेसहाला न्याहारी आणि आठला सामूहिक साधना. मधल्या दीड तासात बहुतेकांच्या आंघोळी आणि सगळी भांडी. गरम पाण्याची टाकी या दीड तासासाठी मोजावी. शिबिर उठल्यावर चादरी एकदम धुवायला निघतात, तो भार वेगळा.

गोयंका परंपरेत स्त्री-पुरुषांची निवासस्थाने, भोजनगृहे, फिरण्याच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे बऱ्याच गोष्टी दोनदा बांधाव्या लागतात. दहा दिवसांना सामायिक खोली चालते. 30 किंवा 45 दिवसांच्या शिबिराला स्वतंत्र खोली आणि पॅगोडातले शून्यागार (एकट्याने ध्यानाला बसण्याची छोटी कोठडी) हवे. मौनात भिंतीपलीकडचा पंखा, नळ, जिन्यावरची पावलेही कानावर येतात. अशा वेळी ध्वनिरोधावर काटकसर केलेली इमारत कितीही देखणी असली तरी निकामीच म्हणायची.

धार्मिक वापराला राज्याच्या कायद्याने वस्तीनियोजनात संरक्षण आहे, पण उंची, पार्किंग, मोकळी जागा यांचे वाजवी नियम लागू राहतात; अग्निसुरक्षेत तर सवलत नाहीच. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, म्हणून पाया निदान 4 फूट खोल न्यावा लागतो.

पैशाची बाजू दोन्हीकडे वेगळी. बॅरीत शिबिराचे शुल्क असते, आचार्यांना दान वेगळे. धम्मधरात शुल्क नाही आणि दानही किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्या साधकांकडूनच घेतात. त्यामुळे बांधकाम टप्प्याटप्प्याने होते. अशा वेळी जलवाहिन्या, वीज आणि सांडपाण्याच्या नळ्या अंतिम आकाराच्या हिशेबाने पहिल्याच टप्प्यात टाकाव्यात, नाहीतर दुसऱ्या टप्प्यात नवा रस्ता उखडावा लागतो. खणणे, ठोकणे यांसारखी आवाजाची कामे दोन शिबिरांमधल्या मोजक्या दिवसांत बसवतात. ठेकेदाराला हे करारातच लिहून द्यावे.