विज्ञान-तंत्र शाखांतील स्त्री-पुरुष प्रमाण (बडोदे)

महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी व संलग्न शाखांत मुली किती आणि मुलगे किती, याचे गुणोत्तर. सगळ्या शाखांची एकत्र बेरीज केली की हा आकडा फसवतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेच्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांत २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्तच. अभियांत्रिकीच्या पदवीला मात्र त्या एक-तृतीयांशही भरत नाहीत.

बडोद्यात ही तफावत एकाच विद्यापीठात पाहायला मिळते. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेले कलाभवन १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. दांडियाबाजार-रावपुऱ्यातली जुनी मराठी मंडळी त्याला अजून कलाभवनच म्हणतात. तिथे मुलग्यांचा भरणा. १९५० मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा निघाली, ती मुख्यतः मुलींची राहिली. पोषणशास्त्र शिकायचे तर जीवरसायनशास्त्र चुकत नाही, पण 'होमसायन्सला आहे' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोळपाट-लाटणेच येते.

गंमत अशी, की ही विद्याशाखा ज्यांच्या कारकिर्दीत निघाली त्या कुलगुरू हंसा मेहता स्वतः अशा वाटणीच्या विरोधात होत्या. सहशिक्षण असलेल्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष'च्या जागी 'सर्व मानव' आले ते त्यांच्या आग्रहामुळे. १९६०च्या दशकात त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तर मुलामुलींचे शालेय अभ्यासक्रम वेगळे नकोत, असेच सांगितले.

वाटा फुटतात त्या कॉलेजात नव्हे, अकरावीत. गुजरात बोर्डाच्या विज्ञान शाखेत 'ए' ग्रुपला गणित, 'बी' ग्रुपला जीवशास्त्र, 'एबी'ला दोन्ही. 'ए' म्हणजे गुजसेट (गुजरातची राज्य प्रवेशपरीक्षा) देऊन इंजिनिअरिंग; 'बी' म्हणजे डॉक्टरकीसाठी नीट, आणि ते हुकले तर फार्मसी, फिजिओथेरपी किंवा मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी. दहावीचा निकाल लागला की पेढे घेताघेता शेजारच्या काकू विचारतात, "बीच घेणार ना गं?" मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. गणितात पंचाण्णव पडलेली मुलगीही मग 'बी'त जाते आणि पुढच्या आकडेवारीत 'विज्ञानातील मुली' म्हणून मोजली जाते.

अभियांत्रिकीतही सगळीकडे सारखे नाही. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सला मुली बऱ्याच असतात, मेकॅनिकलच्या वर्गात एखादा बाकही भरत नाही. कारखान्यातली पाळी आणि गावाबाहेरची साइट ही घरच्यांची नेहमीची कारणे. वर्कशॉपमध्ये हात काळे होतात हेही एक कारण सांगतात, पण ते टिकत नाही: फिटिंगच्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्यावर, कानस मारायची, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून तुकडा उजेडाकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. याला ताकदीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

उपाय बहुतेक प्रवेशाच्या टोकाला झाले आहेत. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे मूळ जागांवर जादा, जागा ठेवल्या. मुलींचा वाटा आधी १४ टक्के आणि २०२० पर्यंत २० टक्के करायचा, असे ठरले. जागा मुळातच वाढवल्यामुळे मुलग्यांची एकही जागा कमी झाली नाही, तरी 'आमच्या जागा गेल्या' ही तक्रार ऐकू येतेच. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती पदविका-पदवीच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. अकरावीच्या ग्रुपनिवडीपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही.