नकला जमतात, जुळत नाहीत: मोटारींतल्या सॉफ्टवेअरच्या एकत्रीकरणाची पार्श्वभूमी

1979 साली बीएमडब्ल्यू 732आय या मोटारीत सुटे भाग बनवणाऱ्या बॉश या जर्मन कंपनीची मोट्रॉनिक यंत्रणा बसली. इंधन किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे दोन्ही एकच डिजिटल पेटी ठरवू लागली. पुढे अशा पेट्या वाढल्या आणि प्रत्येक नव्या मॉडेलच्या वेळी एकच रीत रुळली: आधीच्या गाडीचा कोड उचलायचा, त्याची नक्कल काढायची आणि हवे तेवढे फेरफार करायचे. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण मुदत तोंडावर असताना चालत्या कोडला हात न लावणं हा त्या घडीचा शहाणपणाच होता.

दुसरी वाट माहीत नव्हती असंही नाही. सॉफ्टवेअर संशोधक डेव्हिड पार्नास यांनी 1976 मध्येच ‘प्रोग्रॅमांचं कुटुंब’ ही कल्पना मांडली होती: आधी सगळ्यांत समान काय ते ठरवा, मग एकेकाचं वेगळेपण. 1990 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने समान आणि ऐच्छिक वैशिष्ट्यांचा वृक्ष मांडण्याची पद्धत दिली. एकाच समान पायावरून अनेक प्रकार घडवण्याची, ‘प्रॉडक्ट लाइन’ म्हणतात ती रीत इथून आकाराला आली.

मोटार उद्योगाला तिची गरज का पडली, ते एका हिशेबात कळतं. हवं तर घ्या, नको तर सोडा अशी 33 स्वतंत्र वैशिष्ट्यं असली, तर त्यांच्या जुळण्या साडेआठ अब्जांवर जातात, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहून जास्त. इतक्या नकला कोण सांभाळणार?

त्यात कंपन्याच एकमेकींत मिसळू लागल्या. 1998 मध्ये डाइमलर आणि क्रायस्लर एकत्र आल्या, 2007 मध्ये वेगळ्या झाल्या. 2021 मध्ये स्टेलँटिस ही मोटार कंपनी विलीनीकरणातून जन्मली ती 14 ब्रँड घेऊन. कारखाने, पुरवठादार यांचं एकत्रीकरण कागदावर तरी मांडता येतं. दोन सॉफ्टवेअर-मालिकांचं तसं होत नाही. समजा, एका शाखेत, म्हणजे कोडच्या एका नकलेत, वेग ताशी किलोमीटरमध्ये मोजला जातो, दुसरीत सेकंदाला मीटरमध्ये, आणि संकेताचं नाव दोन्हीकडे एकच. तुलना करणारं साधन फरक दाखवतं. तो मुद्दाम केलेला, चुकून राहिलेला की कधीच बंद झालेल्या मॉडेलसाठीचा, हे सांगत नाही. माझ्या मते खरा खर्च इथेच होतो, कारण फरक का केला ते लिहून ठेवलेलं नसतं आणि लिहिणारा दुसरीकडे गेलेला असतो.

2003 मध्ये सुरू झालेल्या ऑटोसार या मोटार उद्योगाच्या सामायिक सॉफ्टवेअर मानकाने हार्डवेअरजवळचे खालचे थर आणि जोडणीचे नियम समान केले, आणि ते मोठं काम होतं. पण ब्रेक किंवा इंजिनाच्या वागण्यातले फरक वरच्या थरात जसेच्या तसे उरले. मग दोन्ही शाखांचं सगळं सॉफ्टवेअरच्या एकाच आराखड्यात (मॉडेलमध्ये) ओतून नको ते गाडीगणिक वगळायचं, हा मार्ग आला. त्याला गंमतीने ‘दीडशे टक्के मॉडेल’ म्हणतात. त्यातही अडचण आहे. 2011 मध्ये पहिल्यांदा आलेल्या, मोटारींतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेविषयीच्या आयएसओ 26262 मानकानुसार सुरक्षेशी संबंधित कोड सुरक्षित असल्याचे पुरावे लागतात. दोन तपासलेले तुकडे जोडले की जोडाचा पुरावा नव्याने उभा करावा लागतो.

आणि जुनी शाखा बंदही करता येत नाही, कारण तिच्या गाड्या रस्त्यावर वर्षानुवर्षं धावत असतात. गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम 156, जो युरोपीय संघात जुलै 2024 पासून सर्व नव्या गाड्यांना लागू आहे, कोणत्या गाडीत कोणती आवृत्ती आहे याची नोंद मागतो. त्यामुळे एकत्र न आलेल्या प्रत्येक नकलेचा हिशेब आता ठेवावाच लागतो.