बॉम्ब वटवाघळाला बांधला होता, कबुतराला नाही

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत डक्टला कबुतरजाळी लावायची की नाही, यावरून मीटिंग तापली होती. खर्चाचा आकडा ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, अमेरिकेनं म्हणे कबुतरांच्या पायाला बॉम्ब बांधून जपानवर सोडायचं ठरवलं होतं. आपली शे-दोनशे द्या की पाठवून!"

सगळे हसले, पण काकांनी दोन गोष्टींची खिचडी केली होती. दोन्ही योजना दुसऱ्या महायुद्धातल्या, दोन्ही अमेरिकेच्या आणि दोन्ही गुंडाळलेल्या, त्यामुळे घोळ होतोच. बॉम्ब बांधायचा होता तो वटवाघळाच्या अंगाला. कबुतराला बसायचं होतं बॉम्बच्या नाकात, ड्रायव्हर म्हणून.

वटवाघळांची कल्पना लिटल अ‍ॅडम्स या पेनसिल्व्हेनियातल्या दंतवैद्याची. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाड गुहांमधून वटवाघळांचे लोंढे बाहेर पडताना त्यानं पाहिले होते. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, जानेवारी १९४२ मध्ये, त्यानं थेट व्हाइट हाउसला पत्र लिहिलं. 'हा माणूस वेडा नाही' असा शेरा मारून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ते पुढे धाडलं. आपल्याकडची वडावर लटकणारी थोराड वटवाघळं इथे डोळ्यांसमोर आणू नका. ही पाकोळीएवढी, जेमतेम १४ ग्रॅमची. नेपाम या चिकटून जळणाऱ्या इंधनाचा जनक लुई फीझर यानं त्यांच्यासाठी साधारण १७ ग्रॅमचा आगलावा बॉम्ब केला, म्हणजे ओझं स्वतःच्या वजनाहून जास्त! थंडावा देऊन गुंगवलेली हजारभर वटवाघळं एका पेटीत भरायची, पहाटे पॅराशूटनं सोडायची. उजाडलं की ती लाकडी घरांच्या वळचणीला शिरणार आणि मग टायमर आपलं काम करणार. प्राण्याला शिकवायचं काहीच नाही, त्याची अंधार शोधायची खोड पुरेशी.

मे १९४३ मध्ये काही सशस्त्र वटवाघळं चुकून सुटली आणि त्यांनी कार्ल्सबाडच्याच लष्करी विमानतळावरच्या इमारती पेटवल्या. अस्त्र चालतं याचा इतका चोख पुरावा कुणाला मिळाला नसेल. पुढे नौदलानं काम हाती घेतलं, पण १९४५ च्या मध्यापर्यंत ते तयार होत नाही असं दिसल्यावर १९४४ मध्ये बंद केलं. तोवर सुमारे २० लाख डॉलर गेले होते.

कबुतरांचं काम मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचं, आणि इथे सगळी मदार शिकवणीवर. बॉम्बच्या नाकातल्या भिंगातून समोरचं दृश्य पडद्यावर पडायचं. लक्ष्यावर चोच मारली की दाणे, असं कबुतराला आधीच पढवलेलं. लक्ष्य मधोमध असेल तर चोचही मध्ये पडणार, एका बाजूला सरकलं की चोच तिकडे, आणि त्यावरून बॉम्बची दिशा सुधारायची. एकट्यावर भरवसा नको म्हणून तीन कबुतरं बसवायचा बेत होता. प्रात्यक्षिक चांगलं झालं, तरी आपल्याला कुणी गांभीर्यानं घेत नाही ही स्किनरची तक्रार राहिली. ऑक्टोबर १९४४ मध्ये हेही थांबलं. युद्धानंतर नौदलानं 'ऑर्कॉन' नावानं ते पुन्हा काढलं आणि १९५३ मध्ये कायमचं मिटवलं.

स्किनरनं काही कबुतरं मात्र सांभाळली होती. सहा वर्षं हे काम बंद असूनही लक्ष्य दाखवताच ती लगेच, बरोब्बर चोच मारू लागली. माझ्या एसीच्या मागे दरवर्षी काड्या घेऊन येणारी जोडी पाहता मला याचं फारसं नवल वाटलं नाही.