सीपॅप, हार्ट आणि तो चार तासांचा आकडा

मुंबईत हल्ली बऱ्याच ठिकाणी अँजिओप्लास्टीनंतरच्या फॉलोअपला कार्डिओलॉजिस्ट विचारतात की रात्री घोरता का, पेशंट नाही म्हणतो आणि बाजूला बसलेली बायको हो म्हणते. मग स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी, त्यात ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हापुन्हा अडकतो असं दिसलं, की सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, आणि मग घरात तोच वाद, की एवढं महाग मशीन घेऊन हार्टला खरंच फायदा होतो का. हा वाद डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं चाललाय.

सीपॅप आलं १९८१ साली, सिडनीहून. त्याआधी सिव्हिअर केसमध्ये गळ्याला भोक पाडणं हाच काय तो खात्रीचा इलाज होता. हार्टचा संबंध नंतर चर्चेत आला. २००० च्या आसपास अमेरिकेतल्या अभ्यासातून ब्लडप्रेशरशी नातं दिसलं, २००५ मध्ये स्पेनमधून आलं की सिव्हिअर ॲप्नियावर उपचार न घेतलेल्या पुरुषांना हार्टचा त्रास आणि त्यातून मृत्यू जास्त. मध्ये २००४ मध्ये आपल्या मुंबईतलाच अभ्यास छापून आला होता, ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवर, त्यात दिवसा झोप येण्यासकट ॲप्निया साडेसात टक्क्यांना निघाला. म्हणजे हा फक्त गोऱ्यांचा आजार नाही हे तेव्हाच कळलं होतं, पण लक्ष कोणी दिलं?

आता खरा गुंता, चार तास. १९९३ मध्ये अमेरिकेत काही पेशंटच्या मशीनमध्ये गुपचूप मीटर बसवून वापर मोजला, आणि 'नियमित वापर' म्हणजे ७० टक्के दिवस किमान चार तास असं धरलं. निम्म्याहून कमी लोक त्यात बसले. हृदय वाचवायला किती तास लागतात हे कोणी तपासून ठरवलेलं नव्हतं, मोजायला एक रेघ हवी होती म्हणून ओढली. पण पुढे तिथल्या सरकारी विम्याने तीच रेघ नियम म्हणून घेतली, आणि मग जगभर डॉक्टर, कंपन्या, ॲप सगळे चार तासांवर पास-नापास करायला लागले. माझ्या मते इथेच घोळ झाला, कारण स्वप्नांची झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात असते आणि ॲप्निया तेव्हा बऱ्याच जणांना वाढतो, म्हणजे अकराला मास्क लावून तीनला काढला तर रिपोर्टमध्ये पास आणि नेमका वाईट भाग उघडाच.

२०१६ चा मोठा ट्रायल याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. आधीच हार्टचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ लोक, भारतातलेही त्यात होते, साधारण पावणेचार वर्षं फॉलोअप, आणि निष्कर्ष काय तर सीपॅपने हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे कमी झाले नाहीत. हेडलाइन तेवढीच गाजली. पण सरासरी वापर रात्रीला ३.३ तास होता, आणि दिवसा खूपच झोप येणारे लोक आधीच वगळलेले, कारण त्यांना मशीनशिवाय ठेवणं बरोबर नव्हतं. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर. घोरणं, दिवसाची झोप, मूड हे मात्र सुधारलं, ते कोणी फारसं सांगत नाही.

२०२३ मध्ये असे तीन ट्रायल एकत्र करून ४१८६ लोकांचा डेटा पाहिला. सगळे धरले तर फरक शून्य, पण चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत धोका साधारण ३१ टक्के कमी. यावर आक्षेप असा की जो माणूस नेमाने मास्क लावतो तो गोळ्याही नेमाने घेतो, मग श्रेय कुणाला द्यायचं. आक्षेप बरोबर आहे, पण म्हणून मशीन कपाटात ठेवा असा त्याचा अर्थ होत नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा, सेंट्रल ॲप्निया (यात घसा बंद होत नाही, मेंदूकडूनच श्वासाचा इशारा येत नाही) आणि हृदयाचं कमकुवत पंपिंग असलेल्यांना वेगळ्या प्रकारचं ॲडॅप्टिव्ह, म्हणजे श्वासाप्रमाणे दाब आपोआप बदलणारं मशीन दिलं तेव्हा हार्टमुळे होणारे मृत्यू वाढले, हे २०१५ मध्ये दिसलं. तेव्हा शेजाऱ्याचं मशीन आणून लावू नका.

आता इंजेक्शन आलंय, टिर्झेपटाइड. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते सिव्हिअर ॲप्नियासाठी मंजुरी, आणि २०२५ च्या मार्चपासून ते डायबिटीस आणि वजनासाठी आपल्याकडेही मिळतं. ॲप्नियाच्या ट्रायलमध्ये श्वास अडकणं बरंच कमी झालं, बीपीही उतरलं. पण तो ट्रायल ५२ आठवड्यांचा होता, हार्ट अटॅक कमी होतात का हे तपासायला तो केलेलाच नव्हता.