प्रवेशयादीपासून ओटी लिस्टपर्यंत : वैद्यकीय महाविद्यालयांतील समावेशकतेची पार्श्वभूमी

परळला १९२६ साली सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय सुरू झाले, त्यामागच्या देणगीला एक अट होती : अध्यापक भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतले नसावेत. आज ही अट संकुचित वाटेल. परंतु मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते, भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पदवीधर १८५१ मध्येच तेथून बाहेर पडले होते, आणि तरीही तेथील प्राध्यापकपदे मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी सेवेच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडेच राहिली. या सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून भारतीयांना खुली होती आणि त्याच वर्षी बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती तीत उत्तीर्णही झाले. मात्र परीक्षा लंडनला होत असे, आणि समुद्रपर्यटनाचा खर्च व जातीचा बहिष्कार या दोन्हींना तोंड देऊ शकणारी घरे किती असणार? कागदावर दार उघडे होते. जीवराज मेहता यांच्यासारखे भारतीय अधिष्ठाता परळला लाभले, ते या अटीमुळे.

स्त्रियांच्या बाबतीतही अशीच तजवीज करावी लागली. सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी निधी उभारला, तेव्हा केवळ मुलींना प्रवेश मिळावा एवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्रँट कॉलेजात १८८३ मध्ये विद्यार्थिनी येऊ लागल्या, त्याच वर्षी डॉक्टर एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईत दाखल झाल्या, आणि १८८६ मध्ये उघडलेले कामा रुग्णालय स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील अशी व्यवस्था करण्यात आली. शिकलेल्या स्त्रीला काम करायला स्वतःचा वॉर्ड हवा, हे त्या मंडळींना पक्के उमगले होते. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातून पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या धैर्याचे गोडवे आपण आजही गातो. त्यामानाने या संस्थात्मक खटपटीची आठवण फारशी कोणी काढत नाही.

स्वातंत्र्यानंतर वाद पुन्हा प्रवेशाच्या यादीवर आला. मद्रास प्रांतात दर चौदा जागांमागे सहा ब्राह्मणेतर हिंदू, दोन मागास हिंदू, दोन ब्राह्मण, दोन हरिजन, एक अँग्लो-इंडियन वा भारतीय ख्रिस्ती आणि एक मुसलमान, अशी वाटणी होती. चंपकम दोराईराजन यांनी वैद्यकीय प्रवेशासंदर्भात तिला आव्हान दिले, सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती रद्द ठरवली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा देणारा अनुच्छेद १५(४) आला. पुढची साठ-सत्तर वर्षे चर्चा प्रामुख्याने टक्केवारीची आणि कटऑफचीच झाली. आत आलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न प्रवेशप्रक्रियेच्या कक्षेबाहेरचा मानला गेला.

हे "पुढे काय" कसे ठरते, ते शल्यचिकित्सेच्या कोणत्याही युनिटमध्ये ओटी लिस्ट, म्हणजे शस्त्रक्रियागृहातील दिवसभराच्या शस्त्रक्रियांची यादी, लागते तेव्हा दिसते. लिस्टवर रुग्णाचे नाव, निदान आणि शस्त्रक्रिया असते. टेबलाशी कोण उभे राहील, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत हात कोणाला घालू दिला जाईल आणि रक्ताचे नमुने घेऊन रक्तपेढीकडे कोण पळेल, हे बहुधा तोंडी ठरते. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला त्याच्या वरच्या वर्षाचा सहकारी शिकवतो, त्याला त्याचा वरचा, आणि सर्वांच्या वर युनिटप्रमुख. ज्याला डावलायचे त्याला नियम न मोडताही डावलता येते, आणि लॉगबुकात, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, ते उमटत नाही. तक्रार करावी तर ती ज्याच्याकडे करायची, त्याच्याच हाती पुष्कळदा परीक्षा असते. वैद्यकीय शिक्षणात शिक्षक हाच साहेबही असतो, म्हणून इतर महाविद्यालयांचे मोजमाप येथे पुरत नाही, असे माझे मत आहे.

अधिकृत पातळीवर याची दखल घेतली गेली ती दिल्लीच्या एम्समध्ये. केंद्रीय संस्थांतील ओबीसी आरक्षणाविरुद्ध २००६ मध्ये तेथे तीव्र आंदोलन झाले. त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या चौकशीसाठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली आणि २००७ मध्ये तिचा अहवाल आला. शिक्षकांची वागणूक, अंतर्गत परीक्षा आणि वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर एकवटलेले विद्यार्थी, या रोजच्या गोष्टी त्या अहवालामुळे सरकारी दस्तऐवजात आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. तरीही २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या आत्महत्येनंतर जातीवरून छळाचे आरोप झाले. तिच्या आईने, २०१६ मध्ये आत्महत्या केलेले हैदराबाद विद्यापीठाचे विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आईसह, सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, ती हे नियम प्रत्यक्षात पाळले जावेत म्हणून.

त्याच वर्षी एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद हा स्वतंत्र भाग आला, तसेच सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची ओळख. परराज्यातून नागपूर वा मिरजेला आलेल्या मुलाला "पोटात कळ येते" आणि "पोटात मळमळतं" यांतला फरक कळावा, हा त्यामागचा सरळ हेतू. रुग्णाच्या भाषेचा विचार झाला; सहकाऱ्याच्या भाषेचे काय, हे दोन वर्षांनी दिसले. जून २०२१ मध्ये दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत परिचारिकांनी कामावर मल्याळम बोलू नये, हिंदी वा इंग्रजीतच बोलावे, असे परिपत्रक निघाले. देशभर टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेण्यात आले.